कचरावेचक : नगरस्वच्छतेचे उपेक्षित हात

हिरण्यकेशीच्या काठी वसलेले गडहिंग्लज हे मिरचीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. कोणत्याही बाजारपेठेच्या गावाप्रमाणे येथेही बाजार उठला की पालापाचोळा, फाटकी पोती, पुठ्ठे व प्लास्टिक मागे उरते. अशा ढिगांतून पुठ्ठा, बाटल्या व लोखंड वेचून भंगारवाल्यास विकणारी माणसे आपल्या सर्वच शहरांत आढळतात. नगरपालिकेच्या पगारपत्रकावर त्यांचे नाव नसते. तथापि त्यांनी उचललेला माल पुन्हा कारखान्यात जातो आणि नगरपालिकेचा तेवढा वाहतूकखर्च वाचतो.

या श्रमाचे मोल ओळखण्याचा महत्त्वाचा प्रयोग पुण्यात झाला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यातून कचरावेचक महिलांशी संपर्क आला आणि १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. यातील बहुसंख्य महिला दलित समाजातील होत. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेली अनेक कुटुंबे त्यांत होती. पुढे महानगरपालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रे त्यांना मिळाली. चोरीच्या संशयावरून वारंवार हटकल्या जाणाऱ्या स्त्रीस 'मी कामगार आहे' असे सांगण्याचा आधार त्यामुळे लाभला. २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार केला. सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात, नागरिक मासिक शुल्क देतात व सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न सभासदांकडेच राहते.

याउलट कैरो शहरात २००३ च्या सुमारास परदेशी कंपन्यांना ठेके देण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या कचरा गोळा करणाऱ्या 'झब्बालीन' समाजाची उपजीविका त्यामुळे धोक्यात आली आणि सफाईविषयीच्या तक्रारीही थांबल्या नाहीत. घंटागाडीचा ठेका देताना हा धडा आपणही ध्यानात ठेवावयास हवा. गाडी आली आणि वेचणारा हात रिकामा झाला, तर ती सुधारणा अपुरीच म्हणावी लागेल.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घेण्याचे तत्त्व मान्य केले. लहान गावांना त्यासाठी मोठा निधी लागतोच असे नाही. प्रथम गावातील कचरावेचकांची नोंद करावी व त्यांना ओळखपत्रे द्यावीत. माल निवडण्यासाठी पाणी व सावली असलेली जागा, तसेच हातमोजे पुरवावेत. ठेक्याच्या अटींत त्यांना काम देण्याची तरतूद असावी. त्यांची मुले उकिरड्यावर न जाता शाळेत यावीत, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

नागरिकांचा वाटा तर घरातच सुरू होतो. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा; फुटकी काच व वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून निराळे द्यावेत. आपण निष्काळजीपणे टाकलेली काच कोणाच्या तरी बोटात रुतते, याचे भान राहिले तरी स्वच्छतेच्या कार्यास योग्य प्रारंभ झाला असे म्हणता येईल.