मृतवाचक शब्द : दप्तरातले आणि घरातले

मृत व्यक्तीचा निर्देश करणारे मराठी शब्द समानार्थी मानण्याकडे सामान्यतः कल असतो. वस्तुतः मृत्यूनंतर त्या व्यक्तीशी कोणते नाते उरले, हे त्यांतील प्रत्येक शब्द वेगळेपणाने सांगतो.

‘मयत’ हा मूळचा अरबी शब्द फार्सीच्या द्वारे मराठी दप्तरात रुळला. पंचनाम्यातील ‘मयत इसम’ ही तपासाची बाब असते. फेरफारातील ‘मयत खातेदार’ म्हणताच वारसांचा प्रश्न उभा राहतो. मात्र हा शब्द केवळ दप्तरी नव्हे. ग्रामीण बोलीत तो स्त्रीलिंगी नाम होतो : ‘मयत झाली’, ‘मयतीला गेले’. दप्तरात तो व्यक्तीचा वाचक, तर बोलीत घटनेचा आणि अंत्यविधीचा.

‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, ‘पैगंबरवासी’, ‘ख्रिस्तवासी’ हे शब्द मृताला परलोकी निवास देतात आणि त्याचबरोबर त्याचा धर्म वा संप्रदाय सुचवितात. वारकऱ्यांत ‘वै.’ रूढ आहे, ‘कै.’ मात्र शैवांपुरते उरलेले नाही. धर्मनिरपेक्ष म्हणून स्वीकारलेला ‘दिवंगत’ हा शब्दही व्युत्पत्तीने ‘स्वर्गी गेलेला’ असाच आहे.

घरगुती भाषेत आप्तांविषयी ‘मेले’ म्हणणे टाळले जाते; ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’ असे म्हणतात. टाळलेले ते क्रियापद ‘मेल्या’, ‘मेली’ अशा संबोधनांतून जिवंत माणसांच्याच वाट्याला येते, कधी रागाने तर कधी लाडाने.

या शब्दांतील अंतर बेपत्ता व्यक्तीच्या बाबतीत तीव्रतेने जाणवते. ज्यांना स्वाभाविकपणे कळले असते त्यांना सात वर्षे एखाद्याची वार्ता नसेल, तर तो हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मधील हे तत्त्व भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही कायम आहे. या गृहीतकाच्या आधारे न्यायालय संबंधितास मृत मानू शकते आणि दप्तरात त्यापुढे ‘मयत’ लागू शकते. परंतु घरी ‘कै.’ लिहिण्यास हात धजावत नाही. आणि ‘गेले’ म्हटले, तर ते मृत्यू की केवळ प्रस्थान, हे त्या क्रियापदाने अनिर्णीतच ठेवलेले असते. म्हणून ‘मयत’ला ‘दिवंगत’ हा केवळ सभ्य पर्याय समजणे योग्य नव्हे. एक शब्द हक्काचा निर्णय करतो, दुसरा स्मरणाचा. आणि हे दोन्ही निर्णय एकाच दिवशी होतातच असे नाही.