टर्बोची तेलनळी : पोलादी की जाळीची?

टर्बो हा शब्द एके काळी मोठे ट्रक आणि कारखान्यांतील इंजिने यांच्यापुरता मर्यादित होता. आता तसे राहिलेले नाही. २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून आली, ती टर्बो डिझेल इंजिन घेऊनच. २०१७ मध्ये पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होणारी टाटांची नेक्सॉन आली, तेव्हा तिच्या पेट्रोल आणि डिझेल या दोन्ही इंजिनांना टर्बो होता. कुंडलिकेच्या दोन तीरांवरील रोहा आणि अष्टमी, शेजारची धाटावची औद्योगिक वसाहत, कोलाड-नागोठण्याचा महामार्ग या टापूत आज अशा गाड्या सर्रास दिसतात. त्यांपैकी कित्येक कर्जावर घेतलेल्या असतात आणि त्यांच्या फेऱ्यांवर घर चालत असते. म्हणूनच या इंजिनातील एका लहानशा भागाचा, टर्बोला तेल पोहोचविणाऱ्या नळीचा, विचार या पाठात आम्ही करणार आहोत. कंपनीने दिलेली पोलादी नळी, जिला गॅरेजमध्ये हार्ड लाइन म्हणतात, ती ठेवावी की पोलादी तारांच्या जाळीने मढविलेली लवचिक ब्रेडेड नळी बसवावी, असा प्रश्न वाहनधारकांपुढे वारंवार येतो.

टर्बोला तेल कशासाठी?

इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त धुरात बरीच शक्ती शिल्लक असते. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा दाबून भरावी, ही टर्बोची मूळ कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. मोटारीतील टर्बोचा हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. लहान टर्बोत हा आकडा दोन लाखांच्याही पुढे जातो. इतक्या वेगात धातूला धातू टेकून चालत नाही. बहुतेक टर्बोंमध्ये दांडा तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. तेल काही क्षण जरी थांबले, तरी बेअरिंग घासू लागते. शिवाय डिझेल गाडीत धुराचे तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत आणि पेट्रोल गाडीत त्याहूनही वर जाते. ही उष्णता वाहून नेण्याचे कामही तेलच करते.

यातून नळीच्या परीक्षेची कसोटी हाती येते. तेल योग्य प्रमाणात, अखंड आणि न गळता पोहोचते काय, एवढेच पाहावयाचे.

पोलादी नळीचे गुणदोष

कंपनीची पोलादी नळी ठरलेल्या वळणांनी वाकविलेली असते. ती धुराच्या मॅनिफोल्डपासून किती अंतरावर राहील, कोठे ब्रॅकेटने धरली जाईल, इंजिनाच्या कंपनात किती हलेल, याचा विचार आधीच झालेला असतो. उष्णतेने ती मऊ पडत नाही. नीट बसविलेली असेल, तर ती वर्षानुवर्षे चालते.

तिचा शत्रू बहुधा आत असतो. ताम्हिणी किंवा बोर घाट भरलेल्या गाडीने चढून वर येताच इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह तत्काळ थांबतो; परंतु टर्बोचे कवच तापलेलेच राहते. त्या धगीने अडकलेले तेल जळते आणि त्याचा कोळसा नळीच्या तोंडाशी व बँजो बोल्टच्या छिद्रांत साचतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आतला मार्ग मात्र अरुंद होत जातो. दुसरा दोष कंपनाचा. दुरुस्तीच्या वेळी एखादे ब्रॅकेट पुन्हा लावावयाचे राहिले, तर नळी थरथरत राहते आणि जोडाजवळ तडकते. तिसरा दोष आपल्या कोकणच्या हवेचा. चार महिन्यांचा मुसळधार पाऊस, चिखल आणि खारी हवा यांमुळे ब्रॅकेटखाली गंज धरतो.

जाळीच्या नळीचे गुणदोष

जाळीच्या नळीची जाहिरात बहुधा तिच्या ताकदीवर असते. ती प्रचंड दाब सोसते, हे खरेच आहे. ब्रेकच्या नळीत दाब १०० बारपर्यंत जाऊ शकतो आणि तेथे नळी फुगू न देणारी जाळी उपयोगी पडते. टर्बोच्या तेलाचा दाब मात्र साधारणपणे काही बार इतकाच असतो. तेवढ्यासाठी ती ताकद लागत नाही. तेथे प्रश्न उष्णतेचा आहे आणि उष्णता सोसावयाची असते ती जाळीच्या आतल्या नळीने.

ही आतली नळी दोन प्रकारची असते. एक रबराची, दुसरी टेफ्लॉनची. साधे नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांच्या पुढे हळूहळू कडक होऊन तडकू लागते. टेफ्लॉन सुमारे २६० अंशांपर्यंत टिकते. बाहेरून दोन्ही नळ्या सारख्याच चकाकतात. जाळी आतला तडा झाकून ठेवते आणि तिच्या विणीत चिखल व खारे पाणी मुरून राहते. दुसऱ्या नळीला किंवा विजेच्या तारेला ती टेकली, तर कानशीप्रमाणे घासून तिला कापते. टेफ्लॉनची नळी फार आवळून वळविली, तर तिला मोड पडून मार्ग बंद होतो. शिवाय रबरी आणि टेफ्लॉनच्या नळीची टोके वेगवेगळ्या रचनेची असतात. एकीचे टोक दुसरीला बसविले, तर गळती ठरलेलीच. तप्त मॅनिफोल्डवर तेलाची बारीक धार पडली, तर गाडी पेट घेऊ शकते. येथे प्रश्न खर्चाचा राहत नाही, गाडीतील माणसांचा होतो.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. काही टर्बोंच्या, विशेषतः बॉल-बेअरिंग टर्बोंच्या तेलमार्गात सुमारे १ मिलिमीटरचे बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. तेच तेलाचे प्रमाण ठरवते. ते काढून टाकून रुंद नळी बसविली, तर टर्बोत तेल तुंबते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. मग टर्बो निकामी झाला असे समजून चांगला टर्बो बदलला जातो.

तरीही जाळीच्या नळीला तिचे योग्य स्थान आहे. टर्बो वेगळ्या जातीचा किंवा वेगळ्या जागी बसविला असेल, जुन्या गाडीची मूळ नळी बाजारात मिळतच नसेल, अथवा इंजिन आणि टर्बो यांच्यातील हालचाल पोलादी नळीला झेपत नसेल, तर टेफ्लॉनची, योग्य टोकांची, उष्णतारोधक वेष्टन घातलेली आणि ठिकठिकाणी क्लॅम्पने धरलेली जाळीची नळी उत्तम काम देते.

परतीची नळी

वादविवाद नेहमी तेल आणणाऱ्या नळीवर होतो. परतीच्या नळीकडे कोणी पाहत नाही. टर्बोतून निघालेले तेल दाबाने नव्हे, तर स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरते. म्हणून ही नळी बरीच रुंद आणि सतत उताराची हवी. तिला कोठेही वर चढणारे वळण किंवा मोड नसावा आणि तिचे खालचे तोंड चेंबरमधील तेलाच्या पातळीच्या वर असावे. ही वाट तुंबली, तर वरची नळी कितीही उंची असो, तेल टर्बोच्या सीलमधून बाहेर पडणारच.

मग निवड कशी करावी?

आमचे मत स्पष्ट आहे. रोजच्या वापरातील, मूळ रचना न बदललेल्या गाडीला कंपनीची पोलादी नळीच योग्य. ती खराब झाली, तर तशीच नवी घालावी. टर्बो बदलताना मात्र जुनी नळी पुन्हा वापरू नये. आतला कोळसा धुऊन पूर्ण निघेलच असे नाही आणि तोच कोळसा नव्या टर्बोचा घास घेतो. थोडक्या पैशांची नळी वाचवून हजारो रुपयांचा दुसरा टर्बो घालण्याची पाळी अशीच येते.

नळी कोणतीही असो, पुढील पथ्ये पाळावीत.

१. बँजो बोल्टची तांब्याची वॉशर दर वेळी नवी घालावी आणि बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापानेच आवळावा.
२. तेलाच्या जोडाला सिलिकॉनचा लेप लावू नये. त्याचे तुकडे सुटून बारीक छिद्रे बुजतात.
३. काढलेले प्रत्येक ब्रॅकेट आणि उष्णतेचे पत्र्याचे आवरण जागेवर परत बसवावे.
४. इंजिन चालू करण्यापूर्वी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल घालावे व इंजिन पेटू न देता काही सेकंद स्टार्टरने फिरवावे, म्हणजे पहिल्या फेऱ्यापासून तेल हजर राहते.
५. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे असावे आणि ठरलेल्या मुदतीत बदलावे.
६. घाट चढून आल्यावर इंजिन एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवून मगच बंद करावे.

गॅरेजमध्ये गाडी सोडताना पालकांनी व वाहनधारकांनी मेस्त्रींना तीन प्रश्न आदराने परंतु अवश्य विचारावेत : जुनी नळी कशामुळे बिघडली? नव्या नळीच्या आत काय आहे? परतीची वाट मोकळी आहे ना? जाणता कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. तो जुनी नळी कापून आतला कोळसा दाखवितो. आणि जे तरुण हे काम शिकत आहेत, त्यांनीही भाग बदलण्याआधी बिघाडाचे कारण शोधण्याची सवय लावून घ्यावी. कारण सापडले, की कोणती नळी घालावयाची हे ठरविणे अवघड राहत नाही.