मशीन बघण्याआधी ट्रॅक्टरखाली वाक

अगं, परवा रात्री तू फोनवर विचारलंस, "ताई, गवत कापायचं मशीन पाच फुटी घेऊ की सहा फुटी?" पोरांच्या जेवणाच्या घाईत मी "बघू" म्हणाले, पण नंतर मला झोप लागेना. दुकानदार तुला रुंदी विचारेल, किंमत सांगेल. बाबांच्या त्या ३५ एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरला क्लच कसला आहे, हे मात्र तो विचारणार नाही, आणि मला काळजी नेमकी त्याचीच आहे.

संत्र्यात रोटाव्हेटर घालणं बंद केलंस, हे फार चांगलं केलंस. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या फूटभर मातीतच असतात. रोटाव्हेटर ती तोडतो, आणि त्या जखमांमधून फायटोप्थोरा बुरशी आत शिरते. खालच्या वावरातली त्याच बुरशीच्या डिंक्या रोगानं गेलेली झाडं आठव. गवत कापून तिथंच पडू दिलं, तर मुळंही शाबूत राहतात आणि ओलही टिकते.

आता क्लचचं ऐक. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद एकाच क्लचमधून चाकांनाही जाते आणि पीटीओलाही, म्हणजे मशीन फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टलाही. स्लॅशरची, म्हणजे गवत कापायच्या साध्या मशीनची, जड पाती एकदा गरगरली की तू क्लच दाबलास तरी ती लगेच थांबत नाहीत. उलट तीच शाफ्टमधून, गिअरबॉक्समधून चाकांना पुढे ढकलत राहतात. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात माझं हे झालं. ओळीच्या टोकाला मी क्लच पूर्ण दाबला, तरी ट्रॅक्टर चालतच राहिला आणि धुऱ्यावर चढला. धुऱ्यापलीकडे विहीर होती. चार पावलांचं अंतर उरलं होतं गं. त्या दिवशी घरी मी कुणाला काही बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

त्याला उपाय आहे, आणि मशीनच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही. पीटीओच्या टोकावर ओव्हररनिंग क्लच बसवतात. आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं ना, तसाच तो. इंजिन पात्यांना फिरवू शकतं, पण पाती उलटून इंजिनाकडे ताकद पाठवू शकत नाहीत. काही मशीनच्या गिअरबॉक्समध्येच ही सोय असते. दुकानात स्पष्ट विचार आणि हातानं फिरवून बघ: एका दिशेनं मोकळं फिरायला हवं, दुसऱ्या दिशेनं पकड घ्यायला हवी. वेगळा बसवलास तर शाफ्टची लांबी वाढते, म्हणून शाफ्ट पुन्हा मोजून घे. मशीन वर-खाली करून बघताना शाफ्ट सगळ्यात आखूड होतो तिथं तो तळाला टेकता कामा नये, आणि सगळ्यात लांब होतो तिथं आतली नळी बाहेरच्या नळीत निदान एक तृतीयांश तरी राहायला हवी. कापायचा झालाच तर दोन्ही नळ्या आणि त्यांची प्लॅस्टिकची कव्हरं सारखीच कापायची.

क्लच सिंगल की डबल (चाकांना आणि पीटीओला वेगवेगळा), हे तूच बघू शकतेस. मोकळ्या सपाट जागेत, मशीन न जोडता, पीटीओ चालू करून पहिल्या लो गिअरमध्ये ट्रॅक्टर हळू चालव. शाफ्टकडे बघायला दूर माणूस उभा कर. क्लच अर्धा दाबल्यावर चाकं थांबली आणि शाफ्ट फिरत राहिला, तर डबल. दोन्ही एकदम थांबले, तर सिंगल. सिंगल असेल तर आणखी एक अडचण येते. दाट गवतात मशीन दमलं की तुझा पाय आपोआप क्लचवर जाईल, आणि नेमकी तेव्हाच पात्यांची ताकद जाईल. त्यामुळं आधीपासूनच लो गिअरमध्ये चाल.

आता मशीन कुठलं? जनावरांसाठी लांब, अखंड चारा हवा असेल तर कटरबार. त्याला ताकद कमी लागते. पण तुझा हेतू चाऱ्याचा नाही, तेव्हा प्रश्न स्लॅशर की श्रेडर एवढाच उरतो. श्रेडर गवताचा बारीक भुगा करतो, दगड कमी उडवतो, पण ताकद जास्त खातो आणि त्याची बरीच छोटी पाती सांभाळावी लागतात. स्लॅशर साधा असतो, गावातला मिस्त्रीही दुरुस्त करतो. तुझ्या ट्रॅक्टरला आणि तुझ्या हाताला मी स्लॅशरच सुचवेन, मात्र पाती बिजागरीसारखी झुलणारी हवीत, म्हणजे दगड लागला की मागे वळतील. पुढून-मागून साखळ्यांचा पडदा हवाच.

रुंदीचा हिशोब सोपा आहे. स्लॅशरला फुटामागे साधारण ५ एचपी धर. ३५ एचपीच्या इंजिनातून पीटीओवर नवीन असताना ३० च्या आत-बाहेर मिळतात, आणि बाबांच्या ट्रॅक्टरचं वय बघता मी २५ च धरेन. म्हणजे पाच फुटी. सहा फुटी मशीन वाळल्या गवतात चालेल, पण ऑगस्टमधल्या ओल्या हराळीत इंजिन दबेल. पाच फुटी मशीन चाकांच्या बाहेरपर्यंत पुरणार नाही, म्हणून बाजूला सरकवता येणारं बघ. झाडाच्या घेराखालीही तेच घुसतं.

जोडणीही तपास. पीटीओचं टोक सहा दातांचं आणि ३५ मिलिमीटरचं आहे ना, दात घासलेत का, सीलमधून तेल गळतंय का. लिफ्टच्या खालच्या दोन हातांच्या गोळ्यांची भोकं मोज: २२ मिलिमीटर की २८, त्याप्रमाणे मशीनच्या पिना लागतील. लिफ्टची परीक्षा दुकानातच घे. मशीन उचल, इंजिन बंद कर आणि पाच मिनिटं बघ. हात भराभर खाली आले, तर आधी हायड्रॉलिक दुरुस्त करून घे, मगच मशीन. उचलल्यावर पुढची चाकं हलकी वाटली तर पुढे वजन लावावं लागेल.

अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कर. सातबारा तुझ्या नावावर आहे, आणि महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा दर जास्त आहे. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत बिल मात्र करू नकोस. दुकानदार "आधी न्या, नंतर बघू" म्हणेल, तेव्हा उठून ये.

कापायच्या दिवशी ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळून झाडाशी घे. पात्यात नळी गेली की सगळी ओळ ओढत नेते. कापणी तीन-चार इंच उंच ठेव, जमीन खरवडू नकोस. गाजरगवत फुलावर यायच्या आधीच काप. पोरं आणि कुत्रं वावरात नकोत.

आणि माझं हे एक ऐकच. पीटीओ मिनिटाला ५४० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ओढणीचं टोक त्यात गेलं तर हात वर करायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर "उगाच आड येतं" म्हणून काढून ठेवतात, ते तू काढू देऊ नकोस. गवत अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, पाती पूर्ण थांबलेली, आणि मगच खाली उतर. ओढणी घरी ठेव, वेणी आत खोच, बाबांचा जुना शर्ट घाल. शाफ्ट कापायच्या आधी मला बोलाव, मी टेप घेऊन येते.