पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका

भोर-वेल्ह्याच्या भातपट्ट्यात माझी भातगिरणी पस्तीस वर्षं चालली. दिवाळी झाली की इंद्रायणी आणि आंबेमोहोराच्या पोत्यांची रांग लागायची, ती संक्रांतीपर्यंत हटायची नाही. आता राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पोरं कृषिपर्यटन काढतात, कुणी कोंबड्यांची शेड टाकतो, कुणी तांदूळ पाकिटात भरून पुण्याला पाठवतो. वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, पण पोरांच्या तोंडची तक्रार आमच्या वेळचीच आहे. "काका, अर्ज दिलाय, पण साहेब मीटिंगला गेलेत." मी सगळ्यांना एकच विचारतो. पोच आहे का?

पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलेलाच नाही, असं समजून चाला. मी हे फार महागात शिकलो. गिरणीच्या एका परवानगीसाठी मी एका सरकारी कार्यालयात तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा ओळखीच्या माणसाच्या हातात कागद ठेवला, चहा पिऊन घरी आलो. "होऊन जाईल, शेठ" एवढ्या शब्दावर हेलपाटे घालत राहिलो. चौदा महिने गेल्यावर कुणीतरी सरकारी कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या लोकायुक्तांचं नाव सांगितलं. तिथे गाऱ्हाणं मांडायला मुदत असते बारा महिन्यांची, आणि ती मोजतात तक्रारीचं कारण तुम्हाला कळलं त्या दिवसापासून. माझ्याकडे तारखेचा एकही कागद नव्हता आणि वर्ष तर केव्हाच उलटलं होतं. त्या हंगामात गिरणी बंद राहिली. दोन हमालांना मला नाही म्हणावं लागलं, ते अजून मनात आहे.

पुढच्या वेळी दोन प्रती घेऊन गेलो. टपालाच्या टेबलावरच्या बाईंनी दुसऱ्या प्रतीवर जांभळा गोल शिक्का मारला, त्यात आवक क्रमांक घातला, सही केली. मी चष्मा लावून पाहिलं तर शिक्क्यात आदल्या दिवसाची तारीख. सकाळी फिरवायची राहिली होती. म्हटलं, "ताई, तारीख तेवढी आजची करून द्या." त्यांनी टाचणीच्या टोकाने रबराचं चाक एक घर पुढे सरकवलं, जुन्या शिक्क्यावर काट मारली आणि शेजारी नवा मारला. एका दिवसाने काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पुढची प्रत्येक मुदत त्या तारखेपासून धावते. म्हणून शिक्का मिळाला की तो तिथेच, पायरी उतरण्याआधी, वाचून बघा. टपालवाले घ्यायला टाळाटाळ करत असतील तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने धाडा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

आता दार कुठलं ठोठावायचं ते. लोक इथेच चुकतात. रागाच्या भरात सगळ्यांना एकच पत्र पाठवतात, मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत, आणि प्रत्येक जण ते दुसऱ्याकडे पाठवून देतो.

काम एखाद्या दाखल्याचं, परवान्याचं, नोंदीचं असेल तर आधी बघा, ती सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली जाहीर झालेली आहे का. हा कायदा महाराष्ट्रात २०१५ साली आला. कुठली सेवा किती दिवसांत आणि कोण देणार, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला की तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे, साठ दिवसांच्या आत. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण तो नावावर लागतो.

विजेचं भांडण असेल तर वाट वेगळी. महावितरणच्या तक्रार कक्षात आधी लेखी तक्रार, तिथे समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाच्या निकालानंतर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपाल. पुणे जिल्ह्याचे लोकपाल मुंबईला बसतात. मंचाकडे मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. लोकपालांचा आदेश कंपनीला पाळावा लागतो, तो सल्ला नसतो. वकील केलाच पाहिजे असं नाही, आपली बिलं आणि मीटरच्या नोंदी आपल्यालाच नीट ठाऊक असतात. बिलात जुनी बाकी अचानक उगवली तर वीज कायद्याचं कलम ५६(२) दाखवा. देय झाल्यापासून दोन वर्षं उलटली आणि ती रक्कम बिलांमध्ये सतत बाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही.

एक खड्डा मात्र नीट बघून ठेवा. घरगुती जोडणीवर हॉटेल चालवलं, शेतीच्या मोटरीवरून शेडला वीज दिली आणि कलम १२६ खाली आकारणी झाली, तर मंचही ऐकत नाही, लोकपालही नाही. तिथे तीस दिवसांत वेगळ्या अपिलीय अधिकाऱ्याकडे जावं लागतं आणि आकारलेल्या रकमेतली निम्मी आधी भरावी लागते. धंदा सुरू करायच्या आधी जोडणीचा प्रकार बदलून घ्या. एवढ्या एका चुकीने उभी राहिलेली शेड बसलेली मी पाहिली आहे.

सरकारी खात्याला माल दिला आणि बिल अडकलं, तर तुमची उद्यम नोंदणी कामाला येते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या वर थकवता येत नाहीत, असं २००६ चा कायदा सांगतो. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्यासाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. नोंदणी माल देण्याच्या आधीच करून ठेवा, तहान लागल्यावर विहीर खणू नका.

आणि या कुठल्याच दारात तुमचं गाऱ्हाणं बसत नसेल, तर लोकायुक्त. महाराष्ट्राने १९७१ साली कायदा केला आणि १९७२ पासून हे कार्यालय मुंबईत मंत्रालयाजवळ चालू आहे. देशात हे काम खऱ्या अर्थाने पहिल्यांदा सुरू झालं ते आपल्या राज्यात. विधिमंडळाने अलीकडे नवा लोकायुक्त कायदाही मंजूर केला आहे, त्यामुळे मी सांगतो ते जुन्या कायद्याचं धरा आणि चालू नमुना आणि मुदती कार्यालयातून विचारून घ्या.

तिथे दोन शब्द वेगळे आहेत, आरोप आणि गाऱ्हाणं. अधिकाऱ्याने पैसे खाल्ले, पदाचा गैरवापर केला, हा आरोप. कारभारातल्या चुकीमुळे, दिरंगाईमुळे तुमच्यावर अन्याय झाला, हे गाऱ्हाणं. धंदेवाल्याचं दहापैकी नऊ वेळा गाऱ्हाणंच असतं, पण रागात तो आरोप लिहून बसतो. आरोप लिहिला की पुरावा द्यावा लागतो, आणि सोबत प्रतिज्ञापत्र असतं हे विसरू नका. खरोखर कुणी लाच मागत असेल तर पैसे देण्याच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ फिरवा. ते काम त्यांचं.

गाऱ्हाणं अर्ध्या पानात मावलं पाहिजे. माझ्या पुतण्याचा अर्ज असाच अडकला होता, तेव्हा मी त्याला असं लिहून दिलं होतं. "अमुक तारखेला अर्ज केला, आवक क्रमांक अमुक. मुदत इतक्या दिवसांची. आज इतके दिवस झाले. निर्णय नाही आणि नकाराचं कारणही लेखी कळवलेलं नाही. निर्णय लेखी मिळावा, ही विनंती." त्यात "जाणूनबुजून" नाही, "मनमानी" नाही, साहेबांच्या जातीपातीचा, पक्षाचा उल्लेख नाही. मागणी एकच. चार मागण्या केल्या की उत्तर सगळ्यात सोप्या मागणीचं मिळतं.

मग पुढे काय होतं? लोकायुक्त तुमच्या तक्रारीची प्रत त्या खात्याकडे पाठवून म्हणणं मागवतात. गरज पडली तर सुनावणी होते, ती खासगीत. कागद मागवायचे, माणूस बोलवायचा अधिकार त्यांना असतो. अन्याय झाल्याचं पटलं तर तो अमुक मुदतीत दूर करा, अशी लेखी शिफारस ते करतात, आणि खात्याला काय केलं ते कळवावं लागतं. नाहीच ऐकलं तर प्रकरण राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळापुढे जाऊ शकतं. हुकूम देऊन परवाना काढून देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, हे मनात पक्कं ठेवा. पण पुतण्याच्या वेळी म्हणणं मागवल्याचं पत्र गेलं आणि सुनावणीच्या आधीच फाइल हलली. आठ महिने न सापडलेला कागद एका आठवड्यात सापडला.

दोन गोष्टी तिथे चालत नाहीत. ज्या बाबतीत न्यायाधिकरणात किंवा कोर्टात दाद मागता येते, त्यात गाऱ्हाणं सहसा घेत नाहीत. आणि खात्याशी केलेल्या निव्वळ व्यापारी कराराच्या अटींवरून भांडण असेल तर तेही नाही. मात्र करार पाळताना छळ झाला किंवा अतोनात दिरंगाई झाली, तर ते ऐकतात. म्हणून बिल अडलं असेल तर दराचा वाद लिहू नका, दिरंगाईच्या तारखा लिहा.

पोरं विचारतात, "काका, उद्या त्याच टेबलावर जायचंय, डूख धरला तर?" ही भीती खोटी नाही, मलाही होती. त्यावर मी एकच केलं. तक्रार कामाची केली, माणसाची केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला पूर्वीसारखाच नमस्कार केला. लेखनिकही वरच्यांच्या आणि कामाच्या ओझ्याखाली असतो. पुष्कळदा तुमच्या तक्रारीमुळेच त्याला वरून सही मिळते.

आपल्या मुलखात हे नवं नाही. भोर तालुक्यातल्या रांझ्याच्या पाटलाने बदअंमल केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला बोलावून घेतलं, चौकशी केली, खरं निघालं आणि मगच शिक्षा दिली. १६४६ सालचं ते पत्र आजही आहे. तक्रार करणाऱ्याच्या शब्दावर शिक्षा झाली नाही आणि पाटील मोठा म्हणून चौकशी टळली नाही. आज तुमच्या अर्जाने मागायचं ते एवढंच असतं, चौकशी.

गिरणी आता बंद आहे. पण गल्ल्याखालच्या कप्प्यात ती फाइल आहे. त्यात काट मारलेल्या शिक्क्याची पोच आहे, पुतण्याचं अर्ध्या पानाचं गाऱ्हाणं आहे, आलेली उत्तरं आहेत. ज्याला नमुना हवा असेल त्याने यावं आणि झेरॉक्स काढून न्यावी. आपला अर्जही सोबत आणावा, पाठवण्याआधी आपण दोघं मिळून तारखा तपासू.