संगणकांच्या जाळ्यांतील झाड

गतवर्षीं सहामाही परीक्षेच्या आदल्या दिवशीं आमच्या संगणकगृहांतील सर्व संगणक एकाएकीं मुके झाले. स्विचावरील दिवे मात्र वेड लागल्याप्रमाणें लुकलुकत होते. चौकशीअंतीं कळलें कीं, इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें जमिनीवर पडलेलें केबलचें मोकळें टोंक, कोणाच्या पायांत येऊं नये म्हणून, स्विचाच्या रिकाम्या पोर्टांत बसविलें होतें. दुसरें टोंक त्याच स्विचांत होतें! मुलाला बोलणीं बसलीं. आम्हीही त्यास दोन शब्द बोललों. दोष वस्तुतः कोणाचा, हें पुढें येईलच.

विद्यार्थीमित्रहो, स्विच हा टपाल वांटणाऱ्या कारकुनासारखा आहे. पत्ता पाहून तो संदेश योग्य त्या पोर्टांतून रवाना करितो. परंतु जो संदेश सर्वांसाठीं असतो, त्याच्या प्रती तो इतर सर्व पोर्टांतून पाठवितो. दोन पोर्ट एकाच केबलनें जोडले गेले, म्हणजे बाहेर गेलेली प्रत परत आंत येते, तिच्या पुनः प्रती निघतात, आणि हें चक्र थांबत नाहीं. कारण इथरनेटच्या संदेशावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. कांहीं क्षणांतच सारें जाळें तुंबतें.

मग असे फेरे मुळींच ठेवूं नयेत काय? तसेंही नाहीं. एक केबल तुटल्यास दुसरी असावी, हें शहाणपणाचेंच. ही अडचण रेडिया पर्लमन ह्या विदुषीनें 1985 सालीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्यें असतांना सोडविली, आणि 1990 सालीं ती रीत प्रमाण म्हणून मान्य झाली. तिचें नांव स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत लहान लहान संदेश धाडून एकास मूळ ठरवितात. प्रत्येक जण मुळाकडे जाणारी स्वस्त वाट जागी ठेवितो, व फेरा पूर्ण करणारा पोर्ट निजवून ठेवितो. जागी वाट तुटली, कीं निजलेली उठते.

मूळ कोण, हें अग्रक्रमाच्या आंकड्यावरून ठरतें. लहान आंकडा जिंकतो. कोणीं हात लाविला नसल्यास तो सर्वांचा 32768 असतो; मग ज्याचा जन्मजात पत्ता लहान, तो मूळ होतो. असा मान एखाद्या अडगळींतील जुन्या स्विचासही मिळूं शकतो! म्हणून मध्यवर्ती स्विचास 4096 हा आंकडा द्यावा. वाटेचा खर्च वेगावरून मोजतात: 100 मेगाबिटच्या वाटेस 19, एक गिगाबिटच्या वाटेस 4. आतां तुम्हीच सांगा, मुळाकडे 100 मेगाबिटची सरळ वाट असेल आणि गिगाबिटच्या दोन टप्प्यांची वळणाची, तर कोणती निवडली जाईल? वळणाचीच, कारण 4 व 4 मिळून 8.

आतां आमची चूक. नवा जोडलेला पोर्ट जुन्या रीतीप्रमाणें 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो, मग वाहूं लागतो. तेवढ्यांत संगणक जागा होऊन आपला पत्ता मागतो, आणि उत्तर न मिळाल्यानें रुसून बसतो. ह्या 30 सेकंदांस कंटाळून आम्हीं त्या स्विचावरील स्पॅनिंग ट्रीच बंद करून टाकिली होती! 2001 सालच्या सुधारलेल्या रीतींत स्विचास्विचांमधील वाटा झटपट जुळतात. पण संगणकाकडील पोर्टास तो कडेचा आहे असें सांगावेंच लागतें.

खरा उपाय सोपा होता. ज्या पोर्टास केवळ संगणक जोडावयाचा, तो कडेचा म्हणून नोंदवावा (सिस्कोच्या स्विचांत ह्यास पोर्टफास्ट म्हणतात), म्हणजे तो तत्काळ वाहूं लागतो. त्याच पोर्टावर बीपीडीयू गार्ड नांवाचा पहारा बसवावा; स्विचाचा संदेश तेथें आला, कीं पहारा पोर्ट बंद करितो. दुसऱ्या स्विचाकडे जाणारा पोर्ट मात्र कडेचा कधींही ठरवूं नये.

एवढें करण्यास आम्हांस अर्धा तासही लागला नाहीं. नंतर वर्गासमक्ष आम्हीं आपली चूक कबूल केली, आणि त्याच विद्यार्थ्याच्या हातीं तीच केबल देऊन ती पूर्वीच्याच ठिकाणीं बसविण्यास सांगितलें. तो बराच वेळ बिचकत होता. शेवटीं त्यानें टोंक आंत ढकललें. तो पोर्ट तेवढा बंद पडला, आणि बाकीचे संगणक चालत राहिले.