उश्र : पिकातील गरिबांचा हक्क

रमजान आला की शहरातील व्यापारी व नोकरदार जकातीचा हिशेब मांडतात. परंतु शेतीच्या उत्पन्नावरील जकात, अर्थात उश्र, पुष्कळ शेतकरी बांधवांच्या ध्यानीही नसते.

दिव्य कुरआनात (६:१४१) पिके, खजूर, जैतून व डाळिंब यांचा उल्लेख करून, कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क अदा करण्याची आज्ञा दिली आहे. ‘हक्क’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. गरिबाला दिलेला हा वाटा म्हणजे मालकाचे उपकार नव्हेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याचे प्रमाणही ठरवून दिले. पावसाच्या वा झऱ्याच्या पाण्यावरील पिकाचा दहावा हिस्सा, तर श्रमाने पाणी ओढून भिजविलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. वीस क्विंटल ज्वारी झाली, तर कोरडवाहू शेतकऱ्याने दोन व विहिरीचे पाणी देणाऱ्याने एक क्विंटल द्यावी. शेतकऱ्याच्या कष्टाची शरीअतने अशी कदर केली आहे. किमान मर्यादेविषयी इमामांत मतभेद आहेत, बहुसंख्य विद्वान पाच वसक मानतात, तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते उत्पन्न थोडे असले तरी उश्र लागू होतो. याबाबत स्थानिक आलिमांना विचारावे.

हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठविताना प्रेषितांनी सांगितले होते की, जकात तेथील श्रीमंतांकडून घेऊन तेथील गरिबांना परत द्यावी. म्हणून गावच्या उश्रवर प्रथम गावच्या गरजवंतांचा अधिकार आहे.

तो कसा द्यावा? सुनन अबू दाऊदमधील एका हदीसनुसार, मागावयास आलेल्या एका अन्सारी गृहस्थाच्या घरातील वस्त्र व वाडगा प्रेषितांनी दोन दिरहमला विकविले. एका दिरहमचे अन्न घरी पोहोचले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. तिला दांडा प्रेषितांनी स्वहस्ते बसविला. पंधरा दिवसांत लाकूडतोडीतून त्या गृहस्थाने दहा दिरहम कमावले. इमाम नववी (रह.) यांनीही कारागिराला त्याच्या धंद्याची साधने जकातीतून देण्याचे मत मांडले आहे.

आज गावच्या जमातीने सुगीच्या वेळी उश्र एकत्र करून त्यातून विधवेला शिलाई मशीन, भूमिहीन मजुराला दोन शेळ्या मालकी हक्काने द्याव्यात. सावकाराच्या कर्जात बुडालेल्यास मुक्त करावे; कर्जदाराचा समावेश कुरआनानेच (९:६०) हक्कदारांत केला आहे. आज घेणारा हात उद्या देणारा व्हावा, हीच उश्रची बरकत होय.