डब्यातली भाजी आणि डब्यातली माती



उमरखेड, महागाव, पुसद भागात फिरताना एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. बांधापासून बांधापर्यंत ऊस उभा असतो, पण घरात मेथीची जुडी आठवडी बाजारातून येते. उसाचे पैसे येतील तेव्हा येतील, भाजीला मात्र रोज पैसे लागतात. सांदवाडीला जागा नाही म्हणाल, तर जुनी पिपे, घमेली, सिमेंटच्या गोण्या घरोघरी आहेत. गाडी अडते ती मातीपाशी. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे.

नुसती काळी माती का चालत नाही?

आपली काळी ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. शेतात ती खोल असते, डब्यात मात्र वीतभरच. भिजलेला टॉवेल दोरीवर टाकून पाहा. वरचा भाग आधी सुकतो, खालच्या काठाशी पाणी थांबून राहते. डब्याच्या बुडाशी हेच घडते. माती जितकी चिकट, तितका हा ओला थर जाड, आणि त्यात मुळांना हवा मिळत नाही. बुडाशी खडी भरून हा थर जात नाही, फक्त वर सरकतो. तेव्हा बुडाला चार-पाच छिद्रे पाडावीत, त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत आणि मातीच भुसभुशीत करावी. ऊस रोपांच्या ट्रेमध्ये आपण शेतातली माती न भरता कोकोपीट भरतो, त्याचे कारण हेच.

मिश्रणाचे प्रमाण

वजनाच्या भानगडीत न पडता घमेल्याने मोजावे.

१) काळी माती असल्यास : माती 1, जाड रेती 1, पूर्ण कुजलेले खत 2 घमेली. बारीक रेती घालू नये, ती चिकणमातीत बसून वीट होते.

२) नदीकाठची पोयट्याची माती असल्यास : माती 2, कुजलेले शेणखत 1, कुजलेला बगॅस किंवा पाचट 1 घमेले.

मेथी, पालक, सांभार यांना वीतभर खोली पुरते. वांगी, टमाटर, मिरची यांना फूटभर तरी हवी.

कारखान्याचा माल कसा वापरावा?

शंभर टन ऊस गाळला की साधारण 3 ते 4 टन प्रेसमड निघते. त्यात स्फुरद व चुना चांगला असतो. पण ताजे प्रेसमड कुजताना तापते, त्यात रोप टिकत नाही. ढीग लावून, ओलावा ठेवून, अधूनमधून पलटून तीन महिने तरी कुजवावे. कच्च्या बगॅसची अडचण वेगळी. तो कुजवणारे जंतू रोपाच्या वाट्याचे नत्र स्वतःच खातात आणि रोप पिवळे पडते. म्हणून शेणकाल्यात भिजवून तो आधी कुजवावा. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या भाजीसाठी उसाचा चोथा वापरून दाखवला. 2002 पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी भाजी-फळे पिकवली. शहरातली माणसे चोथा गोळा करून आणतात, आपल्या दारात तो ढिगाने पडतो! बॉयलरची राख मात्र मूठभरच घालावी. आपली माती आधीच विम्लधर्मी, राखही तशीच.

आमची चूक

आम्ही स्वतः एकदा ऊसाच्या प्लॉटमधली माती घरच्या गोण्यांत भरली. मेथी छान उगवली आणि पंधरवड्यात कडांनी पिवळी पडून जळाली. पाणी बदलले, खत बदलले, गुण येईना. मग आठवले की त्या प्लॉटवर ॲट्राझिन मारले होते. हे तणनाशक उसाला चालते, पण मेथी-टमाटरला नाही, आणि जमिनीत ते बरेच दिवस राहते. इतरांना सल्ला देणाऱ्या माणसानेच हे विसरावे, याची लाज वाटली. तेव्हा ॲट्राझिन किंवा टू-फोर-डी मारलेल्या शेतातली माती व पाचट भाजीसाठी घेऊ नये.

आणि औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी भाजीला वापरू नये. 2017 साली कपाशीवरील फवारणीत विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यातले कास्तकार व मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष आपल्या हाताने ताटात आणू नये.

भरण्यापूर्वी दोन परीक्षा

एक : ओलसर मिश्रण मुठीत दाबावे. गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच फुटावा. फुटला नाही तर रेती व खत वाढवावे.

दोन : मिश्रण वाटीत घेऊन मेथीचे वीस दाणे टोचावेत. चार दिवसांत बहुतेक उगवले, मुळ्या पांढऱ्या दिसल्या तर खत कुजले समजावे. मुळ्या तपकिरी झाल्या तर ढीग आणखी महिनाभर ठेवावा. तणनाशकाची शंका असेल तर तीच रोपे दोन-तीन आठवडे वाढू द्यावीत. आमची मेथी उगवून मग जळाली होती, हे ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्यात डबे भिंतीच्या सावलीला घ्यावेत, वर पाचटाचे आच्छादन द्यावे, पाणी सकाळी द्यावे. यंदा निदान दोन गोण्या भरून पाहा. अडले तर आपल्या गटाच्या शेती मदतनिसास जरूर विचारा.

— ऊस विकास अधिकारी